आलंय का माझं काही?

मैत्रिणींनो, ऑफिसात काम करणाऱ्या कुणाही बाईला संध्याकाळी विचारा, आज दिवसभर काय केलंस? निम्म्या जणी सांगतील, मेल बघितले. मीही कित्येक वर्षं हेच उत्तर देत होते. मेल बघणं म्हणजे काम करणं अशी माझी पक्की समजूत होती. ती कशी मोडली, ते आज सांगायचंय. सांगताना थोडी मान खाली जाते, पण सांगायलाच हवं.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरी करते. प्रवेश, परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्ती, विद्यापीठाची परिपत्रकं, सगळं एकाच मेल आयडीवर येतं. तो आयडी माझ्याकडं असतो. त्याची कुणी ऑर्डर काढलेली नाही. 'मॅडम, तुमचं एमएससीआयटी झालंय ना, मग तुम्हीच बघत जा,' असं कधीतरी बोललं गेलं आणि ते काम माझ्या टेबलाला चिकटलं ते चिकटलंच.

त्या वर्षी जानेवारीत इनबॉक्ससमोर कंसात आकडा होता ४,३१६. म्हणजे इतके मेल न उघडलेले. उघडून तसेच सोडून दिलेले वेगळेच. मला त्याची लाजही वाटत नव्हती. उलट कुणी टेबलाशी आलं की मी स्क्रीन दाखवून म्हणायचे, 'बघा, किती काम असतं ते!'

त्याच महिन्यात ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी यायची. धारूर तालुक्यातल्या एका वाडीची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आईवडील दिवाळी झाल्यावर कोयत्यावर गेलेले, पार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर. ही आजीजवळ राहून एसटीनं ये-जा करायची. तिनं एका शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता आणि त्याचा पत्रव्यवहार कॉलेजच्या मेलवरच होणार होता. खिडकीतून ती हळूच विचारायची, 'मॅडम, आलंय का माझं काही?' मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचे, 'नाही गं अजून. आलं की कळवते.' असं तीनदा झालं.

चौथ्या वेळी, काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिच्या समोर शोधलं. मेल आलेला होता. अकरा दिवसांपूर्वी. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे, सात दिवसांत स्पष्ट प्रत पाठवावी, एवढाच दोन ओळींचा मजकूर. वर एका पुस्तक विक्रेत्याची यादी, खाली कुठल्याशा वेबिनारचं निमंत्रण आणि मधे हा.

मी फोन केले, पत्र लिहिलं, विनंती केली. मुदत संपली ती संपलीच. त्या वर्षीचे पैसे गेले. आम्ही स्टाफनं वर्गणी काढून तिची परीक्षा फी भरली. पण शिष्यवृत्ती हा तिचा हक्क होता आणि वर्गणी म्हणजे उपकार. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तिलाही कळत होतं. जाताना ती एवढंच म्हणाली, 'जाऊ द्या मॅडम, आमच्यासंगं असंच होतंय.' तिनं नशिबाला बोल लावला. चूक माझी होती आणि ती मला त्याच क्षणी कळली. तिसऱ्यांदा 'नाही आलं' म्हटलं, तेव्हा तो मेल माझ्यासमोर येऊन पडलेला होता. मी पाहिलंच नव्हतं आणि तरी नाही म्हणून सांगितलं होतं.

त्या रात्री मी लॅपटॉप घरी आणून बसले. अकरा वाजून गेले होते. आमच्या शेजारच्या काकू पंचायत समितीत आवक-जावक टपाल सांभाळून निवृत्त झालेल्या आहेत. दिवा दिसला म्हणून डोकावल्या.

'काय करायलीस गं एवढ्या रातच्याला?'

'मेल आवरायले काकू. चार हजार झालेत.'

'चार हजार कागद टेबलावर? अन् बारनिशी?'

मी हसले. म्हटलं, काकू, मेलला कुठली बारनिशी! त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, 'आगं, टपाल फोडणं वेगळं अन् मार्गी लावणं वेगळं. तू नुसतं फोडायलीस.'

मैत्रिणींनो, मेल आवरण्याच्या युक्त्या सांगणारे लेख आणि व्हिडिओ मी बरेच बघितले होते. पण काकूंचं हे एक वाक्य त्या सगळ्यांना पुरून उरलं.

आपल्याकडं ई-मेल तसा फार जुना नाही. अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप पाठवला. पत्त्यात माणसाचं नाव आणि संगणकाचं नाव वेगळं ठेवायला 'अ‍ॅट'ची खूण त्यानंच वापरली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. मग १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं. एक जीबी जागा फुकट देऊन त्यांनी सांगितलं, आता काही पुसून टाकायची गरज नाही, हवं ते शोधून काढा. आपल्या सवयी बिघडल्या त्या इथं, असं मला वाटतं. कागदाचा ढीग टेबलावर मावेना झाला की माणूस नाइलाजानं का होईना आवरायला बसतो. मेलचा ढीग दिसतच नाही. तो वाढतो आणि आपल्याला वाटतं, असू दे, सापडेल. पण जे आलंय हेच माहीत नाही, ते शोधणार कसं?

आणि हा मामला फक्त सोयीचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक कागदाला खऱ्या कागदाची मान्यता आहे. या कायद्याचं तेरावं कलम साध्या भाषेत असं आहे: तुम्ही पत्रव्यवहारासाठी एखादा मेल पत्ता ठरवून दिला असेल, तर त्या यंत्रणेत मेल शिरला की तो तुम्हाला मिळाला असं धरलं जातं. तुम्ही तो उघडला का, वाचला का, हा प्रश्न नंतरचा. म्हणजे 'मी बघितलाच नाही हो' हे उत्तर खिडकीवर चालेल, कायद्यापुढं चालायचं नाही. मुदतीचे दिवस आपण चहाला गेलो असलो तरी मोजले जातातच.

काकूंनी मग मला त्यांच्या ऑफिसातली पद्धत सांगितली. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत वर्षानुवर्षं सांगितली जाते. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी कचेरीचं काम असं काही लावून दाखवलं, की 'लखिना पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं. आपल्या आष्टी-पाटोद्याच्या शिवेपलीकडचाच जिल्हा तो. कार्यालयीन शिस्तीचा विषय निघाला की हे नाव आजही निघतं. आणि आपण मात्र इनबॉक्स कसा आवरावा हे परक्या मुलखातल्या व्हिडिओत शोधत बसतो!

सहा गठ्ठे असे: कार्यवाही करायची प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. मी रात्री एक वाजता मेलमध्ये सहा लेबलं तयार केली आणि त्यांना हीच नावं दिली.

पहिला गठ्ठा, कार्यवाही. ज्यात मला स्वतःला काही करायचंय तेवढेच मेल इथं. दुसरा, प्रतीक्षाधीन. माझं काम झालंय, उत्तर दुसऱ्याकडून यायचंय. हे लेबल फार मोलाचं आहे. 'मी पाठवलं होतं, त्यांनीच कळवलं नाही' असं म्हणून आपण हात झटकतो. या गठ्ठ्यात दर सोमवारी नजर टाकली की आठवण करून देता येते. तिसरा, नियतकालिकं. ठरलेल्या तारखेला जायचे मासिक, तिमाही तक्ते. चौथा, स्थायी आदेश. शासन निर्णय, परिपत्रकं, जी पुन्हा पुन्हा लागतात. पाचवा, संपलेली प्रकरणं. जीमेलमध्ये याला 'अर्काइव्ह' आहे. मेल इनबॉक्समधून जातो, पण पुसला जात नाही, शोधला की सापडतो. आणि सहावा, नष्ट करायचे. जाहिराती, निमंत्रणं, शुभेच्छांची चित्रं.

काय ठेवावं आणि किती दिवस, याचंही उत्तर जुन्या कचेरीत आहे. तिथं कागदांना वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं, क-१ पाच वर्षं आणि ड एका वर्षाचा. आपल्याला एवढं काटेकोर नको. पण मेल हातावेगळा करताना 'याचा वर्ग कोणता' एवढा प्रश्न मनात आला, तरी निम्मा कचरा तिथंच गळतो.

आता ते चार हजार मेल मी एकेक वाचले का? नाही. वाचत बसले असते तर अजून तिथंच असते. मी आधी सर्चच्या चौकटीत शब्द टाकले: त्रुटी, मुदत, तातडीचे, अंतिम तारीख आणि त्यांचेच इंग्रजी शब्द. जे निघाले ते सगळे पहिल्या गठ्ठ्यात. त्यात आणखी दोन मुलांचे मेल सापडले. एकाची मुदत उलटून गेली होती. दुसऱ्याची संपायला दोन दिवस बाकी होते. त्या मुलाला सकाळी सात वाजता फोन लावला आणि दुपारी त्याचा कागद गेला. त्यानंतर पुस्तक विक्रेत्यांची, जाहिरातवाल्यांची नावं एकेक करून शोधली आणि सगळे मेल एकदम उडवले. अशा मेलच्या तळाशी बारीक अक्षरात नाव कमी करायची सोय असते. ओळखीच्या दुकानांच्या बाबतीत ती वापरली. अनोळखी मेलमधली कुठलीच लिंक मात्र दाबायची नाही, ते सरळ स्पॅममध्ये टाकायचे. उरलेले तीन महिन्यांपेक्षा जुने मेल अर्काइव्ह केले. दोन शनिवार गेले, पण टेबल दिसू लागलं.

खरा प्रश्न तिथून पुढं सुरू होतो. आवरलेलं घर आवरलेलं ठेवणं काय असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे नियम थोडे आहेत. मेल दिवसातून तीनदा उघडायचा: आल्या आल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर आणि निघायच्या आधी अर्धा तास. आधी मी दिवसभर तो उघडाच ठेवायचे आणि दर पाच मिनिटांनी बघायचे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कोस्टादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ जणांवर एक प्रयोग केला. एक आठवडा त्यांना दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं, एक आठवडा हवा तितक्यांदा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात त्यांचा ताण कमी निघाला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. माझ्या बाबतीत तर ते तंतोतंत खरं ठरलं. मधल्या वेळात मी फॉर्म तपासते, दाखले लिहिते आणि त्यात चुका कमी होतात.

दुसरा नियम, उघडलेला मेल निकाल लावल्याशिवाय सोडायचा नाही. दोन ओळींचं उत्तर असेल तर लगेच द्यायचं. वेळ लागणार असेल तर 'मिळाला, अमुक तारखेपर्यंत कळवते' एवढं लिहायचं आणि पहिल्या गठ्ठ्यात टाकायचा. तिसरा नियम, जाणाऱ्या मेलचा विषय भरायचाच आणि तो असा, की पलीकडच्याला न उघडता कळावा. नुसतं 'माहिती' नको. कुणाची, कशाची, कुठल्या वर्षाची ते लिहावं. चौथा, रोज एकदा स्पॅममध्ये डोकावायचं. खरा मेलही कधी कधी तिथं जाऊन पडतो आणि तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो. पाचवा, जागा बघायची. जीमेलची फुकटची पंधरा जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते. ती भरली की नवे मेल येणंच बंद होतं. ऑफिसच्या आयडीवर स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ चढवून ठेवलेले मी पाहिलेत. तिथं मग एखाद्या मुलीच्या दाखल्याला जागा कुठून मिळणार?

आणि सहावी गोष्ट काकूंची. टेबलावर एक साधी वही. काकूंच्या बारनिशीसारखे रकाने: तारीख, कुणाकडून, कशाबद्दल, कुणाकडं दिलं, मुदत, निकाल. सगळे मेल त्यात लिहायचे नाहीत, फक्त मुदतीचे. दर सोमवारी गोषवारा काढायचा. मागचे किती शिल्लक, नवे किती आले, निकाली किती, आता शिल्लक किती. ती वही मी प्राचार्यांपुढं ठेवते. पहिल्यांदा ते म्हणाले, 'मॅडम, हे कशाला?' मी म्हटलं, सर, हे काम आहे हे दिसावं म्हणून.

हे मुद्दाम लिहितेय. इनबॉक्स सांभाळणं हे ऑफिसात न मोजलेलं काम आहे आणि असं न मोजलेलं काम बायकांकडं आपोआप सरकतं. 'तुम्ही कशा नीटनेटक्या!' असं गोड बोलून ते दिलं जातं. चुकलं की जबाबदारी आपली आणि नीट चाललं तर त्यात काय विशेष? घरात जे चालतं तेच टेबलावर. म्हणून हे काम ऑर्डरमध्ये लिहून मागा. आपण रजेवर असताना कोण बघणार तेही त्यात लिहून घ्या. ऑफिसच्या आयडीला आपला खासगी मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो बदलून ऑफिसचा जोडायला लावा. नाहीतर बदली झाली, नोकरी सुटली, तरी ओटीपी आपल्यालाच येत राहतात आणि मागं राहिलेल्यांना कुलूप उघडता येत नाही.

'इनबॉक्स झीरो' हा शब्द तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. अमेरिकेतल्या मर्लिन मान यांनी तो प्रचारात आणला. २००७ साली त्यांनी त्यावर दिलेलं भाषण गाजलं. लोक त्याचा अर्थ शून्य मेल असा घेतात. त्यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. मोजायचं ते आपलं मन किती वेळ इनबॉक्समध्ये अडकून राहतं ते. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. आपलं मन सुटलं हे चांगलंच, पण पलीकडच्या माणसाचं काय? प्रत्येक मेलमागं कुणीतरी वाट बघत असतं. आपली कार्यक्षमता वाढली का, याचं माझं माप तेच आहे. किती मेल उडवले ते सोडा, कुणाला किती दिवस ताटकळत ठेवलं ते सांगा.

ज्या मैत्रिणी ऑफिसात नाहीत, पण बचत गट चालवतात, शिलाईच्या ऑर्डरी घेतात, पापड-मसाले विकतात, त्यांनाही हे लागू आहे. त्यांना मी आधी एकच विचारीन, तुमचा मेल आयडी कुणाच्या हातात आहे? आपल्याकडं अनेकींचा आयडी नेट कॅफेतल्या पोरानं घाईत काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्याकडं, नंबर भावाचा किंवा नवऱ्याचा. बँकेचं पत्र आलं तरी ते उघडायला दुसऱ्याची मनधरणी. अशा वेळी सहा गठ्ठे कुठं लावणार? आधी आयडी आपल्या नावाचा, नंबर आपला, पासवर्ड आपल्याला पाठ. मग आठवड्यातून दोन दिवस ठरवून, शांतपणे उघडायचा. बाजारच्या दिवशी दुपारी, गटाच्या बैठकीआधी, जसं जमेल तसं.

ती मुलगी बी.ए. झाली. पुढच्या वर्षीचा तिचा अर्ज मंजूरही झाला. तेव्हा आलेला त्रुटीचा मेल मी त्याच दिवशी पाहिला होता. गेलेल्या वर्षाचं मात्र काही करता आलं नाही. त्या वहीच्या पहिल्या पानावर मी तिचाच मेल नोंदवून ठेवलाय, तारखेसकट. निकालाच्या रकान्यात लिहिलंय, 'मुदतीत पाहिला नाही.' खाली माझी सही आहे.

कोयत्यावर गेलेल्यांची पोरं अजूनही दर हिवाळ्यात खिडकीशी येतात आणि तेच विचारतात, 'मॅडम, आलंय का माझं काही?' मी आता हातातलं काम बाजूला ठेवते. म्हणते, 'थांब बाळा, बघून सांगते.' मग बघते आणि सांगते.